‘पाहिजे’ : रोजच्या एका शब्दाची जन्मकथा आणि त्याचं व्याकरण



आपण मुलांना व्याकरण शिकवताना नाम, सर्वनाम, विशेषण अशा क्रमाने जातो. पण मूल दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा जो शब्द वापरतं, त्याच्याकडे मात्र पाठ्यपुस्तकात कुणी फारसं बघत नाही. तो शब्द म्हणजे ‘पाहिजे’. पाणी पाहिजे, खाऊ पाहिजे, नवीन दप्तर पाहिजे, मोबाईल पाहिजे! बाजारात भाजीवाल्या मावशी विचारतात, “काय पाहिजे ताई?” आणि अंजूर फाट्यापासून पुढे गोदामांच्या रस्त्याला लागलं, की फाटकावर पाटी दिसते, ‘कामगार पाहिजेत’.

हा शब्द आला कुठून? त्याचा ‘पाहणे’शी काही संबंध आहे का? ‘वही पाहिजे’ पण ‘वह्या पाहिजेत’ असं का? ‘त्याला पाहिजे’ आणि ‘त्याने केलं पाहिजे’ यांत फरक काय? आणि घरी ‘मना पायजे’ म्हणणाऱ्या मुलाला आपण वर्गात काय सांगायचं? आजच्या लेखात हे सगळं क्रमाने पाहू. शेवटी वर्गात घेण्यासारखे उपक्रम दिले आहेत.

१) ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिलं जातं’

आज आपण कर्मणी प्रयोग शिकवताना ‘रामाकडून आंबा खाल्ला जातो’ अशी वाक्यं देतो. ‘जाणे’ हे क्रियापद मदतीला घेऊन आपण कर्मणीचा अर्थ आणतो. जुन्या मराठीत मात्र त्यासाठी वेगळा शब्द लागत नव्हता. धातूला ‘-इजे’ असा प्रत्यय लावला की काम व्हायचं.

करणे – कीजे (केलं जातं)
देणे – दीजे (दिलं जातं)
म्हणणे – म्हणिजे (म्हटलं जातं)
जाणणे – जाणिजे (जाणलं जातं)
पाहणे – पाहिजे (पाहिलं जातं)

ज्ञानेश्वरी १२९० सालची. त्या काळच्या मराठीत अशी रूपं अगदी नेहमीची होती. त्याच्याही मागे गेलं तर प्राकृतात ‘किज्जइ’, ‘दिज्जइ’ अशी रूपं सापडतात आणि त्यांच्या मागे संस्कृतातली ‘क्रियते’, ‘दीयते’ ही रूपं उभी आहेत. म्हणजे संस्कृतातला ‘य’, प्राकृतातला ‘इज्ज’ आणि जुन्या मराठीतला ‘इजे’ ही एकाच प्रत्ययाची तीन वयं समजा.

पुढे भाषेने ‘केलं जातं’, ‘दिलं जातं’ ही नवी पद्धत उचलली आणि ‘-इजे’ची रूपं एकेक करून बोलण्यातून गेली. ‘कीजे’ गेलं, ‘दीजे’ गेलं. ‘जाणिजे’ फक्त जेवणाआधी म्हणायच्या श्लोकात राहिलं. पण दोन रूपं टिकली आणि इतकी रुळली, की ती कर्मणी आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. एक ‘पाहिजे’ आणि दुसरं ‘म्हणजे’. ‘म्हणिजे’ मधला ‘इ’ झिजला आणि ‘म्हणजे’ झालं. ‘गाय म्हणजे एक पाळीव प्राणी’ याचा मूळ अर्थ, ‘गाय असं जे म्हटलं जातं, ते’.

आता घराघरांतलं ते प्रसिद्ध वाक्य आठवा. हट्टाला पेटलेलं तीन वर्षांचं पोर दुकानासमोर पाय आपटत ओरडतं, “पाहिजे म्हणजे पाहिजे!” तीन शब्द आणि तिन्ही सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीतले कर्मणी प्रयोग! पुढच्या वेळी राग आला, तर एवढं आठवून बघा. हट्ट पुरवायचा की नाही ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा.

२) ‘पाहणे’ पासून ‘गरज असणे’ कसं झालं?

मुलं इथे बरोबर शंका काढतात, “सर, पाणी बघायचं नाहीये, प्यायचंय!” उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे. ‘आम्ही मुलाला मुलगी पाहतोय’, ‘तो नोकरी पाहतोय’, ‘भिवंडीत घर पाहताय का?’, ‘मी तुझी वाट पाहतोय’. या वाक्यांत ‘पाहणे’ म्हणजे नुसते डोळे लावणं नाही, शोधणं आहे. जी वस्तू शोधली जाते, तिची गरज असते. पाणी पाहिलं जातं, म्हणजे पाणी शोधलं जातं, म्हणजे पाणी लागतं. अर्थ असा पायरीपायरीने सरकला.

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत ‘वधू पाहिजे’ असं छापून येतं. तिथे जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ एकदम बसतात. वधू हवी आहे आणि वधू पाहिलीही जाते!

हे फक्त मराठीतच घडलं असं नाही. गुजरातीत ‘मने पाणी जोईए छे’ म्हणतात. हा ‘जोईए’ आला ‘जोवुं’ म्हणजे पाहणे यापासून. आपल्यासारखंच, पाहिलं जातं म्हणून पाहिजे. हिंदीतला ‘चाहिए’ हाही ‘चाहना’चा जुना कर्मणीच आहे. म्हणून ‘मुझे पानी चाहिए’ आणि ‘मला पाणी पाहिजे’ या वाक्यांची बांधणी तंतोतंत जुळते. भिवंडीतल्या शाळांमध्ये हिंदी-उर्दू घरातून येणारी मुलं खूप. त्यांना हा शब्द शिकवताना सुरुवात इथूनच करा. ‘चाहिए’ आणि ‘पाहिजे’ ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मुलाला वाटतं, अरे, हे तर मला येतंय! निम्मं काम तिथेच होतं.

३) मला हवंय, पण वाक्य माझ्यामागे चालत नाही

इंग्रजीत मागणारा माणूस वाक्याचा मालक असतो. मराठीत तसं नाही. मागणाऱ्याला ‘ला’ लागतो : मला, तुला, आईला, बाईंना. क्रियापद मात्र वस्तूकडे बघून बदलतं.

मला डबा पाहिजे. मला डबे पाहिजेत.
मला वही पाहिजे. मला वह्या पाहिजेत.
मला पुस्तक पाहिजे. मला पुस्तकं पाहिजेत.
आम्हाला वही पाहिजे. (आम्ही अनेक, तरी ‘पाहिजे’, कारण वही एक.)

यावरून मुलांकडूनच दोन नियम काढून घ्या.

पहिला नियम : लिंग बदललं तरी ‘पाहिजे’ बदलत नाही. डबा, वही, पुस्तक तिन्हींना एकच रूप.
दुसरा नियम : वस्तू अनेक असल्या तर ‘त’ लागतो. हा ‘त’ म्हणजे ‘आहेत’, ‘नाहीत’ मधलाच ‘त’.

आणखी एक गंमत. समोरचा माणूसच पाहिजे असेल तर ‘स’ लागतो : “खेळायला तू पाहिजेस.” म्हणजे या शब्दाला वचन आहे, पुरुष आहे, पण लिंग नाही.

याच्या शेजारी ‘हवा’ ठेवून बघा. डबा हवा, वही हवी, पुस्तक हवं, डबे हवेत, वह्या हव्यात. अर्थ तोच, पण हा शब्द लिंगाप्रमाणे बदलतो. म्हणून नव्याने मराठी शिकणाऱ्या मुलाला आधी ‘पाहिजे’ द्या, ‘हवा-हवी-हवं’ नंतर. एका वेळी एकच अडचण पुरे.

बोलताना आपण सगळेच ‘दोन वह्या पाहिजे’ असं म्हणून जातो. बोलताना चालतं. लिहिताना मात्र ‘पाहिजेत’ लिहायची सवय लावा.

काळाचं काय? ‘पाहिजे’ स्वतः काळाप्रमाणे बदलत नाही, तो एका जागी थिजलेला आहे. काळ दाखवायला शेजारी ‘असणे’ येतं : पाहिजे आहे, पाहिजे होतं, पाहिजे असेल. ‘मला वही पाहिजे होती’, ‘मला वह्या पाहिजे होत्या’. इथे लिंग-वचनाचं ओझं ‘होती-होत्या’ वर गेलं, त्यामुळे ‘पाहिजे’ सुटला.

इंग्रजी माध्यमातली किंवा परदेशात वाढणारी मराठी मुलं कधी कधी ‘मी चॉकलेट पाहिजे’ म्हणतात. ती इंग्रजी वाक्याचा सांगाडा मराठीत आणत असतात. त्यांना नियम सांगत बसू नका. ‘मला भूक लागली’, ‘मला थंडी वाजते’, ‘मला गाणं आवडतं’, ‘मला पाणी पाहिजे’ अशी वाक्यांची माळ ऐकवा. जे आपण करत नाही, आपल्याला होतं, तिथे ‘मला’ येतं हे त्यांच्या कानात बसतं.

जगात अशी बांधणी असणारे आपण एकटे नाही. पार युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंडची आयरिश भाषा आहे. तिच्यात ‘मला पाणी पाहिजे’ हे सांगायची एक रीत शब्दशः अशी आहे : ‘पाणी माझ्यापासून आहे’. जे माझ्यापासून दूर आहे, ते मला हवं आहे! आणि भूक लागली तर ‘भूक माझ्यावर आहे’ असं म्हणतात. तिथेही पाणी आणि भूक वाक्याचे मालक, माणूस बाजूला. सातवी-आठवीच्या मुलांना हे सांगून बघा, फार आवडतं.

४) ‘त्याला पाहिजे’ आणि ‘त्याने केलं पाहिजे’

या शब्दाचं दुसरं काम म्हणजे कर्तव्य सांगणं. ही दोन वाक्यं बघा :

त्याला वाचायला पुस्तक पाहिजे. (इच्छा किंवा गरज)
त्याने पुस्तक वाचलं पाहिजे. (कर्तव्य)

‘ला’ च्या जागी ‘ने’ आला आणि मागणी गेली, जबाबदारी आली. आपल्या मुलांना हा फरक बोलताना येतो, पण कुणी दाखवून दिलेला नसतो.

आता मोठी मुलं विचारतात, काम तर पुढे करायचंय, मग ‘वाचलं’, ‘केला’, ‘आणली’ ही भूतकाळाची रूपं कशाला? पुन्हा मूळ अर्थाकडे जा. ‘अभ्यास केला पाहिजे’ म्हणजे ‘केलेला अभ्यास पाहिजे’, झालेलं काम अपेक्षित आहे. ‘केला’ इथे भूतकाळ नाही, पुरं झालेलं काम दाखवणारं रूप आहे. म्हणूनच ते कर्माप्रमाणे बदलतं :

तिने अभ्यास केला पाहिजे.
तिने वही आणली पाहिजे.
तिने दप्तर भरलं पाहिजे.
तिने वह्या आणल्या पाहिजेत.

कर्तव्याचा हा अर्थ जुन्या ‘-इजे’ रूपांतच दडलेला होता. ‘कीजे’ म्हणजे ‘केलं जातं’ आणि त्याबरोबर ‘करावं’ सुद्धा. शिवकाळातल्या आणि पेशवेकाळातल्या आज्ञापत्रांच्या शेवटी ‘जाणिजे’ असा शब्द येतो. अर्थ असा, की हे जाणून असावं, याप्रमाणे वागावं.

इथे आपल्या अंजूरचा संबंध मुलांना जरूर सांगा. अंजूरच्या गंगाजी नाईकांचं घराणं वसईच्या मोहिमेशी जोडलेलं आहे. ती मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या काळच्या दरबारी लिखाणात हे ‘जाणिजे’ रोजचं होतं. म्हणजे एका बाजूला आज्ञापत्रातलं ‘जाणिजे’ आणि दुसऱ्या बाजूला पोराचं ‘खाऊ पाहिजे’. दोन्ही सख्खे भाऊ! इतिहासाचा आणि मराठीचा तास असा एकत्र घेता येतो.

हिंदी घरातल्या मुलांची अडचण नेमकी इथे येते. हिंदीत ‘उसे पढ़ना चाहिए’ म्हणतात. त्यामुळे ही मुलं मराठीत ‘त्याला वाचणं पाहिजे’ असं करतात. चूक का झाली हे शिक्षकाला कळलं, तर दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. हिंदीत ‘को’, मराठीत ‘ने’. हिंदीत ‘ना’, मराठीत ‘लं-ला-ली’. किंवा सोपा मार्ग म्हणजे ‘त्याने वाचायला पाहिजे’. हे रूप बदलत नाही, म्हणून ते आधी शिकवा.

५) उलट बाजू : नको, नये

‘पाहिजे’ चा नकार कसा? ‘नाही पाहिजे’ असं आपण म्हणतो, पण बहुधा तुलना करताना : “पाणी नाही पाहिजे, सरबत पाहिजे.” एरवी साधा नकार ‘नको’. त्यालाही वचन आणि पुरुष आहेत : वही नको, वह्या नकोत, तू नकोस.

आणि कर्तव्याचा नकार वेगळाच : ‘त्याने जायला पाहिजे’ च्या उलट ‘त्याने जाऊ नये’, जरा जोर देऊन ‘जाता कामा नये’. म्हणजे एका ‘पाहिजे’ ची दोन कामं, आणि नकार करताना दोन वेगळे शब्द. इच्छेला नको, कर्तव्याला नये. हा तक्ता वर्गात टांगून ठेवावा असा आहे.

मागणीसाठी एक शब्द आणि नकारासाठी पूर्ण वेगळा शब्द, ही रीत आपल्या दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांतही आहे. कन्नडमध्ये ‘बेकु’ आणि ‘बेड’. तेलुगूत ‘कावालि’ आणि ‘वद्दु’. कोकणीत ‘जाय’ आणि ‘नाका’. भिवंडीत मागावर काम करणारी तेलुगू कुटुंबं अनेक पिढ्यांपासून आहेत. त्यांच्या मुलांना ‘कावालि-वद्दु’ म्हणजे ‘पाहिजे-नको’ एवढं सांगितलं, की पुरतं. हिंदीत असा वेगळा शब्द नाही, तिथे ‘नहीं चाहिए’ म्हणूनच भागवतात. पण हैदराबादकडच्या दखनी बोलीत मात्र आपला ‘नको’ जाऊन बसला आहे, ‘नक्को’ होऊन!

६) ‘मना पायजे’ : दुरुस्त करायचं की नाही?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. अंजूर आणि आजूबाजूच्या गावांत आगरी बोली बोलली जाते. मूल घरी ‘मना पानी पायजे’ म्हणतं. पहिलीत आल्यावर तेच वर्गात म्हणतं. मुलं हसतात, कधी कधी मोठी माणसंही हसतात. “नीट बोल, मला पाणी पाहिजे म्हण.” असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा ते मूल पाणी मागतच नाही. तहानलेलं बसून राहतं. लघवीला जायचं असलं तरी विचारत नाही. पालकांना वाटतं पोर बुजरं आहे, आपल्याला वाटतं त्याला येत नाही. खरं तर त्याला सगळं येतंय. आपलं बोलणं चुकीचं आहे एवढंच त्याला शिकवलं गेलंय.

भाषेच्या बाजूने बघितलं तर ‘पायजे’ मध्ये चूक काय आहे? दोन स्वरांमधला ‘ह’ गळला. ‘राहिला’ चं ‘रायला’, ‘नाही’ चं ‘नाय’, तसंच ‘पाहिजे’ चं ‘पायजे’. हा नियम आहे, निष्काळजीपणा नाही. ‘म्हणिजे’ तला ‘इ’ गाळून ‘म्हणजे’ केलं, ते प्रमाण मराठीनेच. तेव्हा कुणी कुणाला हसलं नाही. काही ठिकाणी ‘पायजेल’, ‘पाहिजेल’ ऐकू येतं. तिथला ‘ल’ येईल, जाईल, असेल यांच्यातल्यासारखा वाटतो. मूल नियम शोधून तो लावत असतं, हे त्याच्या हुशारीचंच लक्षण.

मग प्रमाण भाषा शिकवायची नाही का? शिकवलीच पाहिजे. परीक्षा, अर्ज, मुलाखत, पुस्तकं सगळं त्याच भाषेत आहे, आणि ती न मिळालेल्या मुलाचं नुकसान होतं. पण ती घरच्या भाषेच्या जागी द्यायची नाही, जोडीला द्यायची. त्यासाठी तीन साध्या गोष्टी :

१. मूल काही मागत असेल तेव्हा दुरुस्ती करू नका. आधी पाणी द्या.
२. देताना आपण सहज प्रमाण रूप बोला : “तुला पाणी पाहिजे ना, हे घे.” मुलाच्या कानावर ते आपोआप पडतं.
३. दुरुस्ती वहीत करा, तीही ‘घरी असं – पुस्तकात असं’ अशा दोन रकान्यांत. ‘चूक – बरोबर’ असे रकाने करू नका.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. शाळाशाळांत कार्यक्रम झाले. कल्याणहून जुन्नरकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर नाणेघाट आहे. तिथे सातवाहनांचे प्राकृत भाषेतले, ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. त्यांची चित्रं आपण फलकावर लावली. चांगलंच केलं. पण प्राकृतापासून चालत आलेली तीच भाषा ‘पायजे’ म्हणणाऱ्या मुलाच्याही तोंडात आहे. त्याला गप्प बसवून अभिजात भाषेचा दिवस कसा साजरा होणार?

७) वर्गासाठी उपक्रम

इयत्ता १ली-२री : दुकान-दुकान खेळ. एक मूल दुकानदार, “काय पाहिजे?” असं विचारतं. गिऱ्हाईक एक वस्तू मागतं, मग अनेक : पेन्सिल पाहिजे, पेन्सिली पाहिजेत. न हवी ती वस्तू दिली तर ‘नको’, ‘नकोत’. मुलं ज्या बोलीत बोलतील त्या बोलीत खेळू द्या.

इयत्ता ३री-५वी : पाट्या गोळा करणे. शाळेत येता-जाता दिसणाऱ्या पाट्या मुलांनी उतरवून आणायच्या : ‘कामगार पाहिजेत’, ‘ड्रायव्हर पाहिजे’, ‘हेल्पर पाहिजे’. कुठे ‘पाहिजे’ आहे, कुठे ‘पाहिजेत’, आणि का, यावर चर्चा. एकच माणूस हवा की अनेक, हे पाटीवरून कळतं का?

इयत्ता ६वी-८वी : भाषांचा तक्ता. वर्गातल्या मुलांच्या घरच्या भाषा विचारा. प्रत्येकाने ‘मला पाणी पाहिजे’ आणि ‘मला पाणी नको’ ही दोन वाक्यं आपल्या घरच्या भाषेत देवनागरीत लिहायची. आगरी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू, गुजराती, जी असेल ती. मग शोधा : मागणारा माणूस कोणत्या रूपात आहे? नकाराचा शब्द वेगळा आहे का?

सरावासाठी काही वाक्यं. गाळलेल्या जागी योग्य रूप भरा :

१. मला दोन केळी ______. (पाहिजे / पाहिजेत)
२. ______ रोज वाचलं पाहिजे. (त्याला / त्याने)
३. आजीला गोड ______, तिला मधुमेह आहे. (नको / नये)
४. रस्त्यावर कचरा टाकू ______. (पाहिजे / नये)
५. आम्हाला एक मोठी सतरंजी ______. (पाहिजे / पाहिजेत)

उत्तरे : १. पाहिजेत २. त्याने ३. नको ४. नये ५. पाहिजे

पालकांसाठी एक विनंती. मुलाशी घरी तुमच्याच बोलीत बोला. शाळेची भाषा बिघडेल अशी भीती बाळगू नका. आजी-आजोबांना मुद्दाम विचारा, की तुमच्या लहानपणी हा शब्द कसा म्हणायचे. जे उत्तर मिळेल ते मुलाला वहीत लिहून शाळेत आणू द्या. आम्हाला तक्त्यासाठी ते पाहिजेच आहे.